ब्रिटानियाचें भवितव्य

बुद्धिबळाचा पट पन्नास वर्षें फडताळांत पडून राहिला तरी त्याचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. धूळ झटकली, मोहरे मांडले आणि समोर एक गडी येऊन बसला, कीं आजोबांच्या वेळचा खेळ नातवाच्या हातीं जसाच्या तसा सुरू होतो. ग्रंथाचेंहि तसेंच आहे. परंतु गेल्या तीस वर्षांत मनुष्यानें खेळाचा एक असा प्रकार निर्माण केला आहे, कीं जो फडताळांत ठेवतां येत नाहीं, वारशानें देतां येत नाहीं, आणि मालकानें एकदां दिवा मालवला म्हणजे खेळणाराच्या घरचें साहित्य शाबूत असूनहि जो मुळीं उरतच नाहीं. इंटरनेटच्या साहाय्यानें हजारों माणसांनीं एकाच वेळीं एका कल्पित जगांत वावरून खेळावयाचे खेळ ते हेच. या प्रकारांतले पहिले यशस्वी खेळ आतां म्हातारे झाले आहेत. त्यांचें पुढें काय व्हावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल; पण त्यांत मालकी, स्मृति आणि शेजार या तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत, आणि त्या कांहीं पोरकट नाहींत.

या प्रश्नाचा विचार करावयास ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ फार सोयीचा आहे. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत ऑस्टिन शहरीं असलेल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीनें तो २४ सप्टेंबर १९९७ रोजीं खुला केला. ‘अल्टिमा’ या नांवाचे खेळ रिचर्ड गॅरियट हे गृहस्थ १९८१ सालापासून काढीत आले होते. पण ते एकट्यानें खेळावयाचे होते. खेळणारा आपल्या संगणकापुढें बसे, ब्रिटानिया नांवाच्या काल्पनिक राज्यांत संचार करी, राक्षसांशीं लढे, सद्गुणांच्या कसोटीस उतरे. आणि संगणक बंद केला कीं तें राज्यहि झोपीं जाई. १९९७ च्या खेळानें हेंच राज्य सर्वांना एकदम खुलें केलें. कल्पना अगदींच नवी होती असें नाहीं. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनीं १९७८ च्या सुमारास केवळ अक्षरांच्या द्वारें खेळावयाचें एक सामायिक जग रचलें होतें. पण चित्ररूप जगांत एक लाखाहून अधिक माणसें वर्गणी भरून नांदूं लागलीं, तीं प्रथम ब्रिटानियांतच.

अशा खेळाची रचना समजल्यावांचून पुढचा प्रश्न नीट कळावयाचा नाहीं. त्याचे दोन भाग असतात. एक भाग खेळणाराच्या घरीं असतो. तो पडद्यावर झाडें, रस्ते, माणसें यांचीं चित्रें दाखवितो. दुसरा भाग कंपनीच्या ताब्यांतील सर्व्हर नांवाच्या यंत्रावर चालतो, आणि खरें जग तेथेंच असतें. कोणत्या गुहेंत कोणता राक्षस आहे, कोणाच्या पेटींत सोन्याचीं किती नाणीं आहेत, कोणतें घर कोणाचें, कोणीं कोणास ठार केलें, या सर्वांची नोंद तेथें क्षणोक्षणीं होत असते. घरचा भाग ही केवळ खिडकी होय. खिडकी विकत घेतां येते. पलीकडचा गांव घेतां येत नाहीं. म्हणूनच या खेळाची किंमत एकदां देऊन भागत नसे. प्रारंभीं दरमहा ९.९५ डॉलर वर्गणी द्यावी लागे, आणि ती देणारा मनुष्य वस्तु विकत घेत नव्हता, तर एका गांवांत राहण्याचें भाडें भरीत होता.

एका यंत्रावर मावतील त्याहून कितीतरी अधिक माणसें येणार हें दिसूं लागलें, तेव्हां त्याच जगाच्या अनेक प्रति करणें भाग पडलें. रचनाकारांनीं त्यासाठींहि एक कथा योजिली. एका दुष्ट जादूगाराचें अमरत्वाचें रत्न फुटलें आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यांत त्या जगाचें एक एक प्रतिबिंब उरलें, अशी ती कथा. त्यावरून या प्रतींना ‘शार्ड’, म्हणजे तुकडा, हें नांव पडलें. अमेरिका, युरोप, जपान अशा निरनिराळ्या प्रदेशांतील खेळणारांसाठीं निरनिराळे तुकडे निघाले. नकाशा एकच, पण प्रत्येक ठिकाणचे रहिवासी वेगळे आणि म्हणून इतिहासहि वेगळा.

हा इतिहास कंपनीनें लिहिलेला नव्हता, ही यांतील मुख्य गोष्ट. रचनाकारांनीं मोठ्या हौसेनें या जगांत निसर्गाचें चक्र घालण्याचा बेत केला होता. ससे-हरणांनीं गवत खावें, लांडग्यांनीं त्यांना खावें, आणि रानांत भक्ष्य उरलें नाहीं म्हणजे भुकेल्या प्राण्यांनीं वस्तीकडे यावें, असें तें चक्र होतें. प्रत्यक्षांत माणसें आलीं, आणि त्यांनीं जें हलतांना दिसलें तें सारें मारून टाकलें. नव्यानें प्राणी निर्माण करावे तोंच त्यांचाहि फडशा पडे. अखेर तें चक्र काढून टाकावें लागलें, आणि बहुतेक खेळणारांना तें होतें याचा पत्ताहि लागला नाहीं.

दुसरी गोष्ट ऑगस्ट १९९७ मधली. खेळ अद्याप परीक्षेच्या अवस्थेंत होता, आणि गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या वेषांत प्रजेला दर्शन देण्यास उभे होते. राजास कोणीहि मारूं नये अशी योजना होती. परंतु मध्यंतरीं यंत्र बंद पडून पुन्हां सुरू झालें होतें, आणि तें संरक्षण पुन्हां चालू करावयाचें राहून गेलें. गर्दींतल्या एका खेळणारानें सहज गंमत म्हणून राजाच्या पायांशीं मंत्राचा अग्नि पेटविला, आणि जगाचा निर्माता सर्वांच्या देखत मरून पडला. ही हकीकत पुढें या क्षेत्रांत दंतकथेसारखी झाली. कोणत्याहि लेखकाच्या हातून असा प्रसंग लिहिला गेला नसता; तो लोकांनीं घडविला.

लोकांनीं घडविलेलें सारेंच गमतीचें नव्हतें. प्रारंभीं ब्रिटानियांत कोणीहि कोणास लुटावें, ठार करावें, अशी मोकळीक होती. समाज आपला आपण चोरांचा बंदोबस्त करील अशी आशा होती. पण नगराच्या वेशीबाहेर पाऊल टाकणारा नवखा मनुष्य दहा पावलांवर नागवला जाई आणि वर्गणी बंद करून निघून जाई. २००० सालीं चालकांनीं प्रत्येक तुकड्यांतील भूमीच्या दोन प्रति केल्या. ‘फेलुका’ नांवाच्या एकींत जुना निर्दय कायदा राहिला, तर ‘ट्रॅमेल’ नांवाच्या दुसरींत परस्परांच्या संमतीवांचून कोणास कोणावर शस्त्र धरतां येईना. बहुसंख्य लोक सुरक्षित भूमीवर गेले. जगांतला थरार त्या दिवशीं मेला असें म्हणणारा एक पक्ष, आणि त्या दिवशीं जग राहण्याजोगें झालें असें म्हणणारा दुसरा. हा वाद पंचवीस वर्षांनंतरहि मिटलेला नाहीं, आणि पुढें येणाऱ्या विवेचनांत त्याचें महत्त्व आहे. कारण ‘जुनें जग जतन करा’ असें म्हणतांच पहिला प्रश्न येतो तो हा, कीं कोणतें जुनें?

या जगांत घडी बसली ती घरांमुळें. खेळणारास जमीन मिळवून घर बांधतां येई, दुकान थाटतां येई, शिंप्याचा, लोहाराचा, सुताराचा धंदा करतां येई. पुष्कळ माणसें राक्षसांच्या वाटेस न जातां आपल्या दुकानाच्या पायरीवर गप्पा मारीत बसत. जमीन मर्यादित असल्यामुळें घरांना भाव आला, आणि काल्पनिक घरांचे सौदे खऱ्या डॉलरांत होऊं लागले. हा व्यवहार किती गंभीर असूं शकतो हें कॅलिफोर्नियांतील अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनीं २००१ सालीं ‘एव्हरक्वेस्ट’ या दुसऱ्या एका खेळाचा हिशेब मांडून दाखविलें. तेथील वस्तूंच्या बाजारभावावरून त्या कल्पित देशाचें दरडोई उत्पन्न त्यांनीं काढलें, तें रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध येत होतें.

मग अशा भरल्या गोकुळास वार्धक्य कां यावें? त्याचीं कारणें तीन प्रकारचीं आहेत.

पहिलें कारण सर्वांना दिसणारें. यंत्रें सुधारलीं, आणि नव्या खेळांनीं डोळे दिपविणारीं चित्रें दाखविलीं. १९९९ च्या मार्चमध्यें ‘एव्हरक्वेस्ट’ आला, नोव्हेंबर २००४ मध्यें ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. अल्टिमा ऑनलाइनचे वर्गणीदार वाढून २००३ च्या सुमारास अडीच लाखांपर्यंत गेले, आणि तीच त्याची भरती ठरली. वॉरक्राफ्टनें २०१० सालीं एक कोटी वीस लाखांचा आंकडा जाहीर केला. नवा मनुष्य गर्दीकडे जातो, आणि जुन्याचे मित्र गेले म्हणजे जुनाहि त्यांच्या मागें जातो.

दुसरें कारण घरच्या धन्याचें. ओरिजिन कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीच्या मालकीची होती. गॅरियट २००० सालीं तेथून बाहेर पडले. याच खेळाच्या पुढच्या आवृत्तीचें काम २००१ सालीं अर्ध्यावर थांबविण्यांत आलें, दुसरा एक प्रयत्न २००४ सालीं गुंडाळला गेला, आणि त्याच वर्षीं ओरिजिनचें ऑस्टिनमधील कार्यालयहि बंद झालें. २०१४ पासून ब्रॉडसॉर्ड नांवाची एक लहान मंडळी या खेळाचा कारभार पाहते. ज्यांनीं जग रचलें ते गेले. ज्यांच्या हातीं तें आलें त्यांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं दुसऱ्यांनीं लिहिलेल्या लक्षावधि सूचनांच्या जंगलांतून वाट काढीत दुरुस्त्या कराव्या लागतात. जुन्या वाड्याची एक तुळई हलवावी आणि पलीकडच्या खोलीची भिंत खचावी, असें या कामांत नेहमीं होतें.

तिसरें कारण सर्वांत खोल आहे, आणि तें खेळाच्या अर्थव्यवहारांत दडलेलें आहे. खऱ्या जगांत धातु खणावा लागतो. येथें प्रत्येक मारलेल्या राक्षसाजवळ नवें सोनें सांपडतें. म्हणजे टांकसाळ अहोरात्र चालू असते. तें सोनें परत काढून घेण्याचे मार्ग थोडे असले, तर वर्षानुवर्षें नाण्यांचा सांठा वाढत जातो आणि महागाई होते. वीस वर्षें राहिलेल्या मनुष्यास ती जाणवत नाहीं, कारण त्याची तिजोरी भरलेली असते. नवख्यास मात्र साधी ढालहि परवडत नाहीं. शिवाय सोयीच्या जागा जुन्यांच्या घरांनीं व्यापलेल्या असतात. ज्या समाजांत नवीन जन्मास आलेल्यास जागा नाहीं, तो समाज कितीहि श्रीमंत असला तरी म्हातारा होत जाणार, हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

चालकांना हें कळत नव्हतें असें नाहीं. २०१८ सालीं त्यांनीं वर्गणीवांचून खेळण्याची मुभा दिली, पण तशा खेळणारास स्वतःचें घर बाळगण्याची परवानगी ठेवली नाहीं. २०२४ मध्यें त्यांनीं ‘न्यू लेगसी’ नांवाचा एक निराळा तुकडा काढला. तेथें सर्वांनीं, जुन्यानव्यांनीं, रिकाम्या हातीं आरंभ करावयाचा. दुसरा एक उपाय सर्वांना सुचतो: अनेक तुकडे विरळ झाले असतील तर दोघां-तिघांचा एक करून वस्ती दाट करावी. इतर खेळांत असें सर्रास केलें जातें. परंतु येथें ब्रिटानियाचें वैभवच तिच्या आड येतें. नकाशा एकच असल्यामुळें एका तुकड्यांत ज्या टेकडीवर एकाचें घर आहे, नेमक्या त्याच टेकडीवर दुसऱ्या तुकड्यांत दुसऱ्याचें घर आहे. दोन गांव एकत्र केले तर कोणाचें घर पाडावयाचें? ज्या गोष्टीनें माणसें इतकीं वर्षें धरून ठेवलीं, तीच गोष्ट त्यांना एकत्र आणूं देत नाहीं.

या घरांविषयीं एक नियम आहे. मालकाची वर्गणी थांबून ठराविक काळ लोटला म्हणजे घर जीर्ण होऊं लागतें. त्याच्या पाटीवर अवस्थेची नोंद दिसते, आणि ती शेवटच्या पायरीस पोंचली कीं घर कोसळून आंतलें सामान उघड्यावर पडतें. हा नियम रिकाम्या जागा मोकळ्या व्हाव्या म्हणून केलेला, अगदीं व्यवहारी आहे. पण त्याच्यामुळें एक चमत्कारिक दृश्य दिसतें. कोसळण्याच्या बेतास आलेल्या घराभोंवतीं लुटीच्या आशेनें माणसें जमतात, आणि वर्षानुवर्षें जमविलेली पुस्तकें, वस्त्रें, भेटी घटकेंत वांटल्या जातात. पडद्यावरचें हें दृश्य पाहून हंसूं येईल. पण मालक कंटाळून गेला, आजारी पडला, कीं वारला, हें त्या पाटीवर लिहिलेलें नसतें.

आतां मुख्य प्रश्न. अशा जगापुढें वाटा तरी कोणत्या आहेत? इतर खेळांच्या अनुभवावरून चार वाटा दिसतात.

पहिली वाट सरळ बंद करण्याची. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ १५ डिसेंबर २०११ रोजीं बंद झाला. ‘अ‍ॅशरन्स कॉल’ हा सतरा वर्षांचा खेळ ३१ जानेवारी २०१७ रोजीं संपला. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ बंद होणार असें २०१२ मध्यें जाहीर झालें, तेव्हां त्याचे नागरिक हातांत मशाली घेऊन त्या कल्पित नगराच्या उद्यानांत जमले आणि त्यांनीं शांतपणें निषेध केला. ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं तो बंद झालाच. येथें कंपनीचीहि बाजू आहे. यंत्रें चालविण्यास पैसा लागतो, दुरुस्तीस माणसें लागतात, चोरांपासून संरक्षण करावें लागतें. तोट्यांत चाललेलें दुकान कोणी अनंत काळ उघडें ठेवावें असा आग्रह धरतां येत नाहीं. आक्षेप येतो तो पुढच्या पायरीवर: स्वतः चालवावयाचें नाहीं, आणि दुसऱ्यासहि चालवूं द्यावयाचें नाहीं, हें कितपत न्याय्य?

दुसरी वाट मागें वळण्याची. इंग्लंडमधील केंब्रिज येथून २००१ सालीं निघालेल्या ‘रूनस्केप’ या खेळाच्या चालकांनीं पुष्कळ बदल केले, आणि जुने खेळणारे नाराज झाले. तेव्हां २००७ च्या ऑगस्टमधील खेळाची एक जपून ठेवलेली प्रत सांपडली. ती पुन्हां सुरू करावी काय यावर मतदान घेण्यांत आलें. सुमारें साडेचार लाख मतें पडलीं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्यें जुना खेळ नव्यानें उघडला. त्यांत कोणतीहि भर घालावयाची तर खेळणारांचा कौल घ्यावयाचा, आणि प्रारंभींच्या नियमाप्रमाणें शेंकडा ७५ मतें अनुकूल पडल्यावांचून ती घालावयाची नाहीं, असें ठरलें. पुढें या जुन्या आवृत्तीची गर्दी मूळ खेळाच्या गर्दीहून अधिक झाली. वॉरक्राफ्टच्या मालकांनींहि ऑगस्ट २०१९ मध्यें आपला पंधरा वर्षांपूर्वींचा खेळ ‘क्लासिक’ या नांवानें पुन्हां खुला केला. तत्पूर्वीं तोच जुना खेळ परवानगीवांचून चालविणारा एक लोकप्रिय खाजगी सर्व्हर कायदेशीर कारवाईच्या धाकानें एप्रिल २०१६ मध्यें बंद करण्यांत आला होता. म्हणजे जी मागणी प्रथम चोरी ठरली, तीच तीन वर्षांनीं व्यापार ठरली.

तिसरी वाट भक्तांच्या हातीं कारभार जाण्याची. घरच्या खिडकीला कोणत्या सूचना येतात त्यांचा अभ्यास करून पलीकडचें यंत्र कसें चालत असेल याचा तर्क करावयाचा, आणि तसें यंत्र स्वतः रचावयाचें, हें काम हौशी मंडळी पुष्कळ वर्षें करीत आली आहेत. ब्रिटानियाचेहि असे खाजगी तुकडे पुष्कळ निघाले. २०१८ मध्यें निघालेल्या ‘आउटलँड्स’ या तुकड्यावर हजारों माणसें खेळूं लागलीं. कायद्यानें पाहतां यांचा पाया डळमळीत असतो. मालकाच्या एका पत्रानें सारें थांबूं शकतें. परंतु सलोख्याचींहि उदाहरणें आहेत. ‘एव्हरक्वेस्ट’ची मूळ अवस्था जपणाऱ्या ‘प्रोजेक्ट १९९९’ या हौशी उपक्रमाशीं मालक कंपनीनें २०१५ सालीं रीतसर करार केला. ‘सिटी ऑफ हीरोज’ची कथा तर अधिक बोलकी आहे. बंद झालेलें तें नगर कांहीं जण गुप्तपणें चालवीत होते, हें २०१९ मध्यें उघडकीस आलें. त्यांतून ‘होमकमिंग’ नांवाचा उघड सर्व्हर निघाला, आणि जानेवारी २०२४ मध्यें मूळ मालकानें त्यास परवाना दिला. ज्या गांवाची शोकसभा होऊन गेली होती, त्याच्या वेशीवर अकरा वर्षांनंतर रीतसर दिवा लागला. ‘मेरिडियन ५९’ हा १९९६ मधील खेळ याहून एक पाऊल पुढें गेला. त्याच्या चालकांनीं २०१२ सालीं त्याच्या रचनेचा सारा मजकूरच जगाला खुला करून दिला.

चौथी वाट संग्रहालयाची व कायद्याची. अमेरिकेंत २०१८ सालीं ग्रंथालयें व संग्रहालयें यांना, बंद पडलेले असे खेळ कांहीं अटींवर आपल्या आवारांत जतन करण्याची सवलत मिळाली. युरोपांत याहून मोठी चळवळ उठली. ‘द क्रू’ नांवाचा मोटार-शर्यतींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं बंद झाला, आणि पैसे मोजून तो घेणारांच्या हातीं निरुपयोगी वस्तु उरली. विकलेला खेळ बंद करतांना तो कांहीं रीतीनें चालूं शकेल अशी व्यवस्था मालकानें करावी, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपीय संघांतील दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. कॅलिफोर्निया संस्थानानें २०२४ मध्यें असा कायदा केला, कीं अशा मालाची विक्री करतांना ग्राहक मालकी घेत नसून केवळ वापराचा परवाना घेत आहे हें त्यास स्पष्ट सांगितलें पाहिजे. खिडकी आणि गांव यांतील भेद अशा रीतीनें प्रथमच कायद्याच्या भाषेंत उतरूं लागला आहे.

या चारहि वाटांची तुलना करतां एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांतील प्रत्येक वाट जागा वांचविते. माणसें वांचविण्याची हमी कोणतीच देत नाहीं. क्लासिक वॉरक्राफ्ट उघडला तेव्हां डोंगर, रस्ते, राक्षस सारें जागच्या जागीं होतें. पण खेळणारा बदलला होता. पूर्वीं ज्या गुहेंत माणसें चांचपडत शिरत, तिचा कोपरा न् कोपरा त्यांना आतां पाठ होता. पंधरा वर्षांपूर्वींचें जग परत आणतां आलें, पंधरा वर्षांपूर्वींचें अज्ञान आणतां आलें नाहीं. संग्रहालयांतील प्रतीची अडचण तर याहून मोठी. रंगभूमीची उपमा घेतली तर मंडळी बंद पडली तरी नाटकाची संहिता उरते आणि दुसरी मंडळी तें नाटक उभें करते. येथें मात्र नट आणि प्रेक्षक एकच असतात, आणि संहिता त्यांनीं रोजच्या रोज रचलेली असते. राजाच्या पायांशीं अग्नि पेटविणारा तो खेळणारा कोणत्याहि कपाटांत ठेवतां येणार नाहीं.

म्हणून हा प्रयत्न व्यर्थ म्हणावयाचा काय? तसें म्हणतां येणार नाहीं. उत्खननांत सांपडलेल्या नगरांत माणसें नसतात, तरी त्याच्या गल्ल्यांच्या रुंदीवरून आणि चुलींच्या जागांवरून तेथील राहणीचा अंदाज येतो. दूर दूर राहणारीं, एकमेकांचें तोंड न पाहिलेलीं माणसें एकत्र येऊन कायदा, बाजार, शेजार आणि भांडण कसें उभें करतात, याची इतकी बारीक नोंद मानवी इतिहासांत पूर्वीं कोठेंहि झालेली नव्हती. ती नोंद एका कंपनीच्या यंत्रांत आहे, आणि ती पुसावयास एका कळीचा दाब पुरेसा आहे. भावी काळच्या अभ्यासकांचें तें नुकसान भरून निघणारें नसेल.

अल्टिमा ऑनलाइनच्या भवितव्याविषयीं अंदाज बांधावयाचा तर तो या खेळाच्या लहानपणावरच बांधावा लागेल. तो पुन्हां लाखांच्या घरांत जाईल अशीं चिन्हें नाहींत. परंतु लहान होणें म्हणजे मरणें नव्हे. एके काळीं ज्याला मोठालीं यंत्रें लागत, तें काम आज स्वस्त आणि लहान यंत्रांवर होतें. चालविणारी मंडळी थोडी आहे. आणि उरलेले रहिवासी वर्षानुवर्षें वर्गणी भरणारे, सहजासहजीं न हलणारे आहेत. मोठ्या खेळाला लाखों ग्राहक नसले तर तो बुडतो. अशा खेळाला कांहीं थोडे हजार निष्ठावंत पुरतात. धोका आहे तो गर्दी ओसरण्याचा तितका नाहीं, जितका मालकाच्या विस्मृतीचा आहे. फार मोठ्या संस्थेच्या हिशेबांत एक बारीक रक्कम असते, आणि एखाद्या वर्षअखेरीस कोणीतरी ती ओळ खोडतो; त्या ओळींत कोणाचीं घरें आहेत हें त्यास ठाऊकहि नसतें.

तशी वेळ आली तर काय व्हावें, हें आतांच ठरवून ठेवणें हाच यांतला शहाणपणा होय. बंद करण्याची सूचना पुरेशी आधीं द्यावी. लोकांनीं लिहिलेलीं पुस्तकें, घरांचे आराखडे, नोंदी त्यांच्या त्यांना उतरवून घेऊं द्याव्या. आणि मालकास स्वतः चालविणें नको असेल, तर ‘होमकमिंग’च्या बाबतींत झालें त्याप्रमाणें जे चालवूं इच्छितात त्यांच्या हातीं किल्ली द्यावी. यांत मालकाचें फारसें कांहीं जात नाहीं. नांवावरचा हक्क त्याचाच राहतो. ज्यांनीं पंचवीस वर्षें भाडें भरलें, त्यांना घर मिळालें नाहीं तरी घरांतून निघतांना सामान बांधण्यास अवधि मिळावा, एवढी अपेक्षा कोणत्याहि गांवांत वाजवीच समजली जाईल.